वास्तु, दस्त आणि दलाल

डिसेंबर १८७४ मध्यें शिरूर तालुक्यांतील कर्डें गांवीं एक घर पाडण्यांत आलें. घर बाबासाहेब देशमुख ह्या वजनदार गृहस्थांचें. पाडणारा काळूराम नांवाचा सावकार, ज्यानें त्यांच्यावर सुमारें दीडशें रुपयांचा हुकुमनामा मिळविला होता. कायद्याच्या दृष्टीनें त्यांत वावगें कांहींच नव्हतें, कारण कागद सावकाराच्या हातीं होता. गांवानें मात्र सावकारांशीं सर्व व्यवहार तोडले. तें लोण आसपास पसरलें, आणि १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजारांत दंगा उसळला. सुपें आज बारामती तालुक्यांत मोडतें; तेव्हां तें भीमथडींत होतें, आणि दौंड-पाटसही त्याच भीमथडींत. इतिहासांत ‘दख्खनचे दंगे’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या ह्या प्रकरणांत जमावानें माणसांस फारशी इजा केली नाहीं. त्यानें मागितले ते कागद : रोखे, खतें, हुकुमनामे. ते चव्हाट्यावर आणून जाळण्यांत आले. पुढें चौकशीसाठीं आयोग बसला आणि १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांसाठीं केलेल्या त्या कायद्यांत ग्रामनिबंधकाची एक योजना होती : शेतकऱ्यानें करून द्यावयाचा दस्त ह्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं लिहिला जावा, म्हणजे आपण काय लिहून देत आहोंत हें सही करणारास कळावें.

तो कायदा इतिहासजमा झाला आणि ग्रामनिबंधकही गेला. न वाचतां सही करण्याची खोड तेवढी गेली नाहीं. किंबहुना ती आतां शिकलेल्या घरांत अधिक दिसते. एकीकडे रांजणगांवची आणि दुसरीकडे कुरकुंभची औद्योगिक वसाहत, पुण्यापासून दौंडपर्यंत विजेवर चालणारी आगगाडी, नगर रस्त्यावरील उन्नत मार्गाच्या वार्ता, ह्या सर्वांमुळें शिक्रापूर, कोरेगांव, यवत, केडगांव, पाटस येथील माळरानासही भाव आला आहे. पुण्यांत सदनिका घेणें न परवडणारा मुलगा म्हणतो, “गांवाकडे दोन गुंठे घेऊं.” निवृत्तीचे पैसे हातीं आलेले वडील म्हणतात, “घेऊं.” आणि दहा रुपयांची भाजी घेतांना जी चौकशी होते तीही न होतां जन्माची पुंजी एका दुपारीं दुसऱ्याच्या हातीं जाते.

माझा एक जुना विद्यार्थी ह्या दोन तालुक्यांत घरां-जमिनींची दलाली करितो. दलाल हा शब्द आमच्या घरांत पूर्वीं शिवीसारखा उच्चारीत. तो न्याय नव्हता. चांगला दलाल हा गांवाच्या जमिनीचा चालताबोलता फेरफार असतो. कोणत्या भावांचें पटत नाहीं, कोणत्या सर्व्हे नंबरांत रस्त्याचा तंटा आहे, कोणती जमीन पावसाळ्यांत पाण्याखालीं जाते, हें त्यास तोंडपाठ असतें. ह्या विद्यार्थ्याचें एक वाक्य मला फार मार्मिक वाटलें. “गुरुजी, लोक भिंत ठोकून पाहतात, कागद ठोकून पाहत नाहींत.” त्यानें सांगितलेल्या आणि नंतर मीं स्वतः ताडून पाहिलेल्या कांहीं गोष्टी येथें देतों.

आरंभ दलालापासूनच करावा. २०१६ चा स्थावर संपदा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणें अमलांत आला, तेव्हांपासून नोंदणीकृत प्रकल्पांतील सदनिका अथवा भूखंड विकून देणाऱ्या दलालानें महारेराकडे नोंदणी करणें सक्तीचें आहे. आणि आतां त्यास त्यासाठीं शिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. दलालाच्या नोंदणी-क्रमांकाचा आरंभ ‘ए’नें आणि प्रकल्पाच्या क्रमांकाचा ‘पी’नें होतो. दोन्ही क्रमांक मागून घ्यावे आणि महारेराच्या संकेतस्थळावर पडताळावे. त्यास पांच मिनिटें लागतात. ह्याच कायद्यान्वयें बांधणाऱ्यास नोंदणीकृत करारापूर्वीं किंमतीच्या शेंकडा दहाहून अधिक रक्कम घेतां येत नाहीं, आणि ताबा दिल्यापासून पांच वर्षांत बांधकामांत मूलभूत दोष निघाल्यास तो त्यानें स्वखर्चानें दुरुस्त करून द्यावयाचा असतो. ही शेवटची तरतूद पुष्कळांस ठाऊकच नसते. गळक्या गच्चीवर आपल्याच पैशानें डांबर ओतीत बसणारीं कुटुंबें मीं पाहिलीं आहेत.

परंतु आमच्याकडील बहुतेक व्यवहार प्रकल्पांतले नसून मोकळ्या जमिनीचे असतात, आणि तेथें खरा आधार सातबाऱ्याचा. सातबारा म्हणजे गांवनमुना सात आणि गांवनमुना बारा : पहिल्यांत मालक, क्षेत्र आणि हक्क, दुसऱ्यांत पिकें. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आतां पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो, तेव्हां विकणाऱ्यानें खिशांतून काढलेल्या जुन्या झेरॉक्स प्रतीवर विसंबण्यास कांहींच सबब उरलेली नाहीं. लोक उताऱ्यावर नांव पाहतात आणि क्षेत्र पाहतात. पाहावयाचें असतें तें ‘इतर हक्क’ ह्या सदरांत. बँकेचा अथवा सोसायटीचा बोजा तेथेंच असतो. कुळाचें नांव तेथें असतें. आणि आमच्या ह्या भागांत विशेषेंकरून पाहावयाचा शेरा म्हणजे पुनर्वसनाचा. धरणांच्या लाभक्षेत्रांतील जमिनींवर, धरणग्रस्तांस जमीन देतां यावी म्हणून, हस्तांतराचे निर्बंध घातले जातात. चासकमानचें पाणी शिरूरकडे येतें आणि खडकवासल्याचा कालवा दौंडांतून जातो. पाणी आलें तेथें हा शेराही आलेला असूं शकतो. तो असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून पुढें पाऊल टाकूं नये.

त्याच उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग १’ किंवा ‘वर्ग २’ असें लिहिलेलें असतें. वर्ग एकची जमीन सामान्यतः निर्वेधपणें विकतां येते. वर्ग दोनची, म्हणजे शासनानें वांटलेली, जुन्या वतनाची इत्यादि, तिच्या हस्तांतरास परवानगी किंवा नजराणा लागतो. देवस्थान इनामाची जमीन तर पुजाऱ्याची वा वहिवाटदाराची नसून देवाची असते, आणि ती विकण्याचा अधिकार त्यांस नाहीं. आमच्यापैकीं ज्यांच्या घरीं पूर्वीं इनामें होतीं त्यांस हा भेद समजावून सांगण्याची गरज पडूं नये, पण पडते. शिवाय शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो. १९४८ च्या कुळकायद्याच्या ६३ व्या कलमान्वयें बिगरशेतकऱ्यास परवानगीखेरीज शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. ‘आमच्या आजोबांची कोंकणांत जमीन होती’ एवढें सांगून भागत नाहीं; वारसाहक्कानें आपलें नांव कोठल्या तरी सातबाऱ्यावर चढलेलें असावें लागतें.

आतां त्या ‘दोन गुंठ्यां’विषयीं. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानें प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा करून शेतजमीन विकण्यास मनाई केली. २०२३ मध्यें हें क्षेत्र बहुतेक जिल्ह्यांसाठीं जिरायतास वीस आणि बागाइतास दहा गुंठे असें ठरविण्यांत आलें. मग रस्त्याकडेला रांगोळी टाकून दोन-दोन गुंठे विकले जातात ते कसे? दोन रीती आहेत. एक, मुद्रांकाच्या कागदावर लिहून नोटरीपुढें केलेला व्यवहार. नोटरीचा शिक्का म्हणजे सरकारी मोहोर अशी समजूत आहे. ती साफ खोटी. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें शंभर रुपये वा अधिक मूल्याच्या स्थावराचा हक्क देणारा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदविलाच पाहिजे. न नोंदविल्यास मालकी जात नाहीं. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर झालेली ‘विक्री’ ही विक्री नव्हे, असा स्पष्ट निर्णय सर्वोच्च न्यायालयानें सूरज लॅम्प प्रकरणांत २०११ मध्यें दिलेला आहे.

दुसरी रीत अधिक फसवी, कारण तींत सर्व कांहीं कायदेशीर दिसतें. दहा अपरिचित माणसें मिळून वीस गुंठे एकाच खरेदीखतानें घेतात. दस्त नोंदला जातो, सातबाऱ्यावर दहाही नांवें चढतात, पेढे वांटले जातात. पण कोणाचे दोन गुंठे कोठें, हें त्या कागदांत कोठेंच नसतें. कायद्यानें ते सारे एका अविभक्त कुटुंबासारखे होऊन बसतात. आणि खऱ्या अविभक्त कुटुंबांत जें प्रेम असतें, निदान जो संकोच असतो, तो येथें नसतो. एकास विकावयाचें झाल्यास इतरांची संमति, बांधावयाचें झाल्यास मंजूर नकाशा नाहीं, कर्ज मागावें तर बँक मान हलविते. शासनानें अशा जुन्या तुकड्यांस अधूनमधून दयेचा हात दिला : २०१७ मध्यें बाजारमूल्याच्या पंचवीस टक्के भरून नियमित करण्याची सोय झाली, पुढें तो आंकडा पांच टक्क्यांवर आला, आणि २०२५ मध्यें निवासी व नागरी क्षेत्रांतील, १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतच्या व्यवहारांसाठीं तेंही माफ करण्यांत आलें. ज्यांचे असे जुने तुकडे अडकून पडले आहेत त्यांनीं तालुक्याच्या कचेरींत जाऊन आपला सर्व्हे नंबर त्यांत बसतो कीं नाहीं हें जरूर विचारावें. मात्र पुढेंही माफी मिळेल ह्या भरंवशावर आज नवा तुकडा घेणें हें जुगाऱ्याचें लक्षण होय.

जागा पाहावयास जावयाचें तें भर पावसाळ्यांत. उन्हाळ्यांत सर्वच माळ सारखे दिसतात. दौंड भीमेच्या आणि शिरूर घोड नदीच्या कांठीं. मुळा-मुठेचा भीमेशीं संगमही शिरूर तालुक्यांत, रांजणगांव सांडसजवळ. ह्या नद्यांच्या पूररेषा आंखलेल्या असतात : निळी रेषा साधारणपणें पंचवीस वर्षांत एकदां येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांच्या पुराची. निळ्या रेषेच्या आंत घर बांधूं नये. नदीकांठच्या जमिनी बहुधा काळ्या चिकण मातीच्या. ही माती पाण्यानें फुगते आणि उन्हानें आकसते. वरवर पाया घातलेल्या घराच्या भिंतींस दोन वर्षांत तिरक्या भेगा जातात. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणल्याशिवाय पाया घेऊं नये, मग गवंडी कितीही म्हणो कीं “इथं सगळे असंच बांधतात.” जागेची मोजणी भूमि अभिलेख कार्यालयाकडून करून घेऊन हद्दीचे दगड आपल्या डोळ्यांदेखत रोवावे. आणि रस्ता! उताऱ्यावर पांच गुंठे असून त्यांत शिरावयास बैलगाडीपुरती वाट नाहीं, अशा जमिनी विकतांना मालक नेहमीं ओळखीच्या बांधावरूनच नेतो. परत येतांना ‘ही वाट कोणाची?’ एवढा एक प्रश्न विचारावा.

परवानगी कोण देणार, हेंही आधींच पाहावें. दोन्ही तालुक्यांचा कांहीं भाग २०१५ मध्यें स्थापन झालेल्या पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरणांत गेला आहे, शिरूर व दौंड शहरांस नगरपरिषदा आहेत, आणि उरलेल्या गांवांची व्यवस्था निराळी. ग्रामपंचायतीचा ‘ना हरकत दाखला’ म्हणजे बांधकामाची परवानगी, असें समजून घर बांधणारे पुढें नोटिसा घेऊन हिंडतात.

येथवरचें सांगणें नवें घर घेणारांसाठीं झालें. माझ्या मतें अधिक मोठा धोका जुनें घर असणारांस आहे, आणि तो बाहेरून येत नसून माजघरांतच असतो.

शिरूरच्या जुन्या वस्तींतील एका वाड्याची हकीगत माझ्या विद्यार्थ्यानें सांगितली. नांवें सांगण्याचें कारण नाहीं. वाडा आजोबांच्या नांवावर. आजोबांस जाऊन चाळीस वर्षें झालीं. पांच मुलगे, दोन मुली; त्यांपैकीं बहुतेक निवर्तले. वाटण्या तोंडी झालेल्या : ओसरी थोरल्यांची, माडी मधल्यांची, परसू धाकट्याचें. कोणीं कधीं नोंद केली नाहीं, कारण ‘आपल्यांत काय लिहावयाचें?’ छप्पर खचलें तेव्हां दुरुस्तीसाठीं कर्ज काढावें असें ठरलें आणि वारसांची यादी करावयास घेतली, तों सह्या लागणार सत्तावीस. दोघे परदेशांत, एकाचा पत्ताच नाहीं. ह्या घोळांत एका पुतण्यानें कंटाळून आपला अविभक्त हिस्सा एका बाहेरच्या माणसास विकून टाकला, आणि एका सकाळीं तो माणूस देवघराच्या दारांत येऊन उभा राहिला.

अशा प्रसंगीं घरचीं माणसें गांगरून जातात. पण कायदा येथें त्यांच्या बाजूचा आहे, हें ध्यानांत ठेवावें. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें ४४ वें कलम सांगतें कीं, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरांतील हिस्सा परक्यानें घेतला तरी त्यास घरच्यांसमवेत एकत्र ताबा मागण्याचा अधिकार नाहीं. त्यानें वांटणीचा दावा करावा. आणि तो दावा त्यानें केला, तर १८९३ च्या वांटणी कायद्याच्या चौथ्या कलमान्वयें घरच्या हिस्सेदारांस न्यायालयानें ठरविलेल्या किंमतीस तो हिस्सा परत विकत घेतां येतो. ह्या वाड्यांतील मंडळींनीं त्या सकाळीं घाबरून त्या माणसास माडीची किल्ली दिली. ती दिली नसती तर प्रकरण पुष्कळ सोपें झालें असतें.

वस्तुतः गोष्ट तेथवर जाऊंच नये. घरांतील कर्तें माणूस वारल्यावर तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास कळविणें हें महसूल संहितेप्रमाणें कर्तव्यच आहे. घरोघरीं तें इतकें राहून गेलेलें आहे कीं, २०२५ मध्यें शासनास ‘जिवंत सातबारा’ नांवाची मोहीम काढून मृतांच्या जागीं वारसांचीं नांवें लावावीं लागलीं. आम्ही वर्षश्राद्ध चुकवीत नाहीं. ज्यांचें श्राद्ध करितों त्यांच्याच नांवें घर ठेवून वंशजांस कज्जा देतों, हें मोठें विलक्षण आहे. अर्थात् फेरफारानें मालकी उत्पन्न होत नाहीं, ती मूळ दस्तानें वा वारशानेंच येते, हें न्यायालयांनीं वारंवार सांगितलें आहे. परंतु नोंद नसेल तर ती सिद्ध करीत आयुष्य जातें.

तोंडी वाटण्यांचे दिवस आतां सरले. मुलींस वडिलोपार्जित मिळकतींत मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्रानें १९९४ मध्येंच दिला होता, सबंध देशांत तो ९ सप्टेंबर २००५ पासून आला. आणि २०२० मध्यें विनीता शर्मा प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें तो वडील तेव्हां हयात होते कीं नव्हते ह्यावर अवलंबून नाहीं असें ठरविलें. तोंडी वांटणीचा बचाव सहजासहजीं मान्य करूं नये, असेंही त्याच निकालांत आहे. कित्येक घरांत भाऊबीजेच्या ताटापुढेंच बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही मागतात. तिनें राजीखुषीनें हक्क सोडला तर प्रश्नच नाहीं, पण तो दस्त तिला वाचून दाखवावा आणि नोंदवावा. ‘फक्त एक सही पाहिजे, अक्का’ असें म्हणून घेतलेली सही आणि कर्ड्याच्या रोख्यावरील अंगठा ह्यांत मला तरी फारसें अंतर दिसत नाहीं. वडीलधाऱ्यांनीं आपल्या हयातींत वांटणीपत्र करावें. शेतजमिनीच्या वांटणीस मुद्रांक नाममात्र, आणि २०२५ मध्यें तिचें नोंदणीशुल्कही माफ करण्याचा निर्णय झाला आहे. राहतें घर किंवा शेतजमीन पत्नीस, मुलामुलीस वा नातवंडास बक्षीस द्यावयाची असल्यास मुद्रांक दोनशें रुपयांचा. मृत्युपत्रास तर मुद्रांकही लागत नाहीं. दोन साक्षीदारांच्या समक्ष सही पुरते, तरीपण नोंदवावें हें बरें.

याज्ञवल्क्यानें मालकीचीं तीन प्रमाणें सांगितलीं आहेत : लेख, उपभोग आणि साक्षीदार. आपल्या डोळ्यांदेखत दुसरा आपली जमीन भोगीत असतां जो बोलत नाहीं, त्याची जमीन वीस वर्षांनीं जाते, असाही त्याचा दंडक आहे. आजचा मुदतीचा कायदा त्याहून कडक. तेथें बारा वर्षेंच. म्हणून परगांवीं राहणारांनीं आपली जागा वर्षांतून एकदां तरी पाहून यावी, कुंपण घालावें, कर आपल्या नांवें भरावा. रांजणगांव-कुरकुंभकडे कामगारांस खोल्या देणाऱ्या घरमालकांनीं विशेष जपावें. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमान्वयें भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणें ही मालकाची जबाबदारी आहे. तो नसेल तर अटींविषयीं भाडेकरू सांगेल तें खरें धरलें जातें. अकरा महिन्यांचा कागद नोंदवावा लागत नाहीं, ही समजूत आमच्याकडे अद्याप घट्ट आहे आणि ती चुकीची आहे.

शेवटीं गांवठाणांतील घरांविषयीं. पुष्कळांच्या पेटींत ‘आठचा उतारा’ असतो आणि त्यावर ते निर्धास्त असतात. आठ दोन आहेत. तलाठ्याचा आठ-अ हा खातेदाराच्या सर्व शेतजमिनींचा गोषवारा; ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही घरपट्टीच्या आकारणीची यादी, आणि तींत नांव असणें म्हणजे मालकी नव्हे. ही उणीव भरून काढण्यासाठीं गांवठाणांची ड्रोननें मोजणी होऊन प्रत्येक घरास मिळकतपत्रिका देण्याचें काम चाललें आहे. त्याचा पहिला प्रयोग आमच्याच जिल्ह्यांत, पुरंदर तालुक्यांतील सोनोरीस झाला, आणि एप्रिल २०२० मध्यें केंद्र सरकारनें तीच कल्पना ‘स्वामित्व’ ह्या नांवानें देशभर नेली. मोजणीच्या दिवशीं आपापल्या घराच्या हद्दीवर चुन्यानें खुणा करावयाच्या असतात, आणि नंतर चौकशी अधिकाऱ्यापुढें हक्क सांगावयाचा असतो. त्या दिवशीं घरचें एक जाणतें माणूस गांवीं हजर पाहिजे. आणि नुसत्या आपल्या भिंती दाखवून परत फिरूं नये. देवळाचा पार, ओढ्याचें पात्र, पाणवठ्याची बोळ ह्यांवर कोणाची खूण पडत नाहीं ना, हेंही त्याच वेळीं पाहावें, कारण नकाशा एकदां कायम झाला म्हणजे त्या बोळाच्या बाजूनें बोलावयास दुसरें कोणी नसतें.